एक मिनिट काढायचं कुणी?

दोन वर्षांच्या मुलाच्या छातीत कफ झाला की घरातला सगळ्यात शांत माणूस म्हणजे ते मूल. ते खोकतं, रडतं, थोडं झोपतं, उठून रिमोटचे सेल काढायचा प्रयत्न करतं आणि पुन्हा खोकतं. खरे आजारी पडतात ते बाकीचे. बेंगळुरूच्या के. आर. पुरममध्ये स्थिरावलेलं मराठी घर या दृष्टीनं अभ्यास करण्याजोगं आहे. बाप व्हाइटफील्डला आयटीपीएलच्या बाजूला, आई आउटर रिंग रोडवरच्या कुठल्याशा काचेच्या इमारतीत, आणि दोघांनाही पगार मिळतो तो कशाचं ना कशाचं मोजमाप करण्याबद्दल. सर्व्हरनं उत्तर द्यायला किती मिलिसेकंद लावले, कुणी किती तिकिटं बंद केली, हे सगळं रोज आलेखावर चढतं. त्यात ‘बाळाची छाती भरलीय’ एवढ्या निरोपावर आजी मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं निघते आणि पिशवीत वेखंड, जायफळ, सहाण आणि चार पिढ्यांचा अनुभव घेऊन हजर होते. म्हणजे एका खाटेभोवती विज्ञान आणि परंपरा दोन्ही पूर्ण तयारीनिशी उभी. माझं म्हणणं साधं आहे आणि ते पुराव्यानिशी मांडता येतं. अशा घरात आजारपणात सगळं मोजलं जातं, फक्त जे मोजायचं असतं ते सोडून.

तापापासून सुरुवात करू. ताप मोजायला घरात तीन यंत्रं असतात, कारण पहिल्यावर विश्वास बसेना म्हणून दुसरं आणलेलं असतं आणि त्या दोघांचं पटेना म्हणून तिसरं. काखेतलं म्हणतं १००.४, कपाळावर रोखायचं म्हणतं ९७.९, आणि आजीचा तळहात म्हणतो, “चांगलाच आहे.” बापाला तिन्हींची सरासरी काढायची असते, पण आजीच्या तळहाताला दशांश चिन्ह नसल्यामुळे गणित अडतं. मग बाहेर येतो करोनाच्या लाटेत घेतलेला ऑक्सिमीटर. हा चिमटा मोठ्या माणसाच्या बोटासाठी बनवलेला, दोन वर्षांच्या बोटावर तो सैल बसतो. त्यात मूल हात झटकतं. आकडा कधी ९९ येतो, कधी ८२, कधी नुसत्या दोन आडव्या रेघा. ८२ दिसलं की एकच धावपळ. यंत्र बरोबर आहे का ते बघायला बाप स्वतःचं बोट घालतो, ९८. आई घालते, ९८. आजी घालते, ९५. “आई, तुमचं कमी कसं?” इथून पुढचा अर्धा तास मूल बाजूला पडतं, खिडकीपाशी खुर्ची ठेवली जाते आणि रात्री अकरा वाजता आजीला दीर्घ श्वास घ्यायला लावलं जातं. त्या घरात त्या रात्री कुणाच्या श्वासाकडे नीट लक्ष गेलं असेल, तर ते आजीच्या.

शिवाय एक गूगल शीट असतं. त्यात वेळ, ताप, औषध, दूध, शू आणि शी असे रकाने असतात. शीच्या रंगासाठी निवडीची यादी केलेली असते, म्हणजे कुणी मनाला येईल ते लिहू नये. पुण्याच्या मावशीला हे शीट फक्त वाचायला दिलेलं असतं. तिला त्यात लिहिताही येतं, हे मध्यरात्री कळतं. “दुपारी केळं कुणी दिलं?” असा प्रश्न लाल अक्षरात उमटतो आणि त्या घरात केळं नावाचा खटला उभा राहतो. त्याकडे पुढे येऊच.

मापनशास्त्राचा कळस मात्र औषध पाजताना गाठला जातो. अँटिबायोटिकची बाटली पावडरीच्या रूपात येते, तिच्यात उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालून हलवायचं असतं. दोन इंजिनिअर आणि एक बाटली असली की खुणेपर्यंत म्हणजे फेस धरून की सोडून, यावर वीस मिनिटं जातात. मग पाच मिली भरलेली पिचकारी घेऊन एकजण पुढे, एकानं हात धरलेले, एकानं पाय, आणि मोबाइलवर गाणं. मूल तोंड घट्ट मिटतं, मग अचानक उघडतं, आणि औषध आत जाण्याऐवजी खोलीत जातं. “किती गेलं?” “निम्मं तरी गेलं असेल.” “मग अजून अडीच द्यायचं?” “लाळेऱ्यावरच तीन मिली दिसतंय.” “त्यातला सकाळचा डाग किती?” अशा काटेकोर हिशोबानं आठवडाभर चालल्यावर लाळेऱ्याचा अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण होतो. मुलाचा होत नाही. तिसऱ्या दिवशी ते सोफ्यावरून उड्या मारायला लागतं, म्हणून औषध बंद होतं, आणि उरलेली बाटली फ्रिजच्या दारात पुढच्या खोकल्याची वाट बघत राहते. पाणी मिसळलेलं ते औषध थोडेच दिवस टिकतं आणि ती मुदत बाटलीवर छापलेली असते. पण सॉफ्टवेअरच्या माणसानं अटी-शर्ती न वाचता ‘मान्य’ म्हणण्यातच आयुष्य काढलेलं असतं, त्याला दोष काय द्यायचा?

आता आजीचं खातं. तिथं मोजमाप नाही, तिथं तत्त्व आहे, आणि ते म्हणजे बंदोबस्त. के. आर. पुरममध्ये धुळीला तोटा नाही. टिन फॅक्टरीपासून रिंग रोडभर मेट्रोचे खांब उभे राहता राहता त्या भागानं वर्षानुवर्षं सिमेंट खाल्लं आहे. तेव्हा खिडक्या लावून घेण्याची आजीची आज्ञा अगदीच निराधार नाही. पण खिडक्या घट्ट लावल्या की त्याच बंद खोलीत ओवा आणि लसणाच्या सालांची धुरी फिरते, संध्याकाळी उदबत्ती, रात्री डासांची कॉइल. बाहेरची धूळ बाहेर राहते आणि धूर घरचा, ताजा मिळतो. घरातला धूर हे लहान मुलांच्या न्यूमोनियाचं एक मान्य कारण आहे. चुलीच्या धुराबद्दल आपण खेड्यातल्या बायकांना पत्रकं वाटली आणि चौदाव्या मजल्यावर धुपाटणं पेटवलं. मूल खोकतं. “बघ, कफ सुटतोय,” आजी समाधानानं म्हणते. जानेवारीच्या पहाटेसुद्धा बेंगळुरूचा पारा बहुधा पंधरा-सोळा अंशांच्या आसपास असतो. तरी मुलाच्या अंगावर स्वेटर, कानटोपी, मोजे आणि वर दुलई असा हिमालयाचा सरंजाम. ते घामानं भिजतं. घाम आला म्हणजे ताप उतरला, असा निष्कर्ष काढून अजून एक दुलई घातली जाते.

या टप्प्यावर शेजारच्या आंटी येतात. त्यांच्या स्टीलच्या पेल्यात धने, जिरे, मिरी, सुंठ आणि गूळ घालून उकळलेलं कषाय असतं, आणि मुठीत कुंडीतली दोड्डपत्रेची, म्हणजे पानओव्याची पानं. आजीला कन्नड येत नाही, आंटींना मराठी येत नाही. पण केळ्याच्या प्रश्नावर दोघींचं एका नजरेत एकमत होतं. राज्यांच्या सीमेवरून आयोग नेमले गेले, खटले चालले, पण केळ्यानं कफ होतो या मुद्द्यावर कृष्णेपासून कावेरीपर्यंत एकही बंडखोर नाही. वास्तविक छातीच्या संसर्गात भूक मंदावलेल्या मुलानं जे खाल्लं ते खाल्लं असं म्हणून देवाचे आभार मानावेत, कारण आजारात खाणं-पिणं चालू ठेवा हाच जागतिक आरोग्य संघटनेपासून अंगणवाडीपर्यंतचा सल्ला आहे. मऊ केळं, मऊ भात, आईचं दूध, सगळं चालतं. दोन गोष्टींवर मात्र विनोद नको: वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोट नको, आणि लहान मुलाच्या नाका-छातीवर कापूर नको. कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात. ब्रँडीचा थेंब सुचवणारे काका प्रत्येक घराण्यात एक असतात. त्यांना तो त्यांच्यापुरता घेऊ द्यावा.

मग मोजायचं काय? एका मिनिटातले श्वास. फ्रँक शान नावाच्या डॉक्टरांनी पापुआ न्यू गिनीमधल्या अनुभवावरून १९८४मध्ये मांडलं की स्टेथोस्कोप, क्ष-किरण यांपैकी काही हाताशी नसलं तरी मुलाच्या श्वासाचा वेग बघून न्यूमोनियाचा संशय घेता येतो. १९८८मध्ये वेल्लोरच्या डॉक्टरांनीही ‘लॅन्सेट’मध्ये हेच दाखवलं. हे वेल्लोर म्हणजे के. आर. पुरमच्या दारावरून जाणाऱ्या ओल्ड मद्रास रोडनं कोलार, मुळबागल करत सरळ गेलं की लागतं तेच. आजचे आकडे आहेत: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, तर श्वास जलद. त्यासाठी मुलाचा शर्ट वर करायचा, ते झोपलेलं किंवा शांत असताना पोट-छाती वर किती वेळा येते ते घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजायचं. रडताना किंवा दूध पिताना नाही. आणि बरगड्यांखालची छाती श्वास घेताना आत ओढली जाते का, तेही त्याच बैठकीत बघायचं. खर्च शून्य. चार्जिंग लागत नाही. वरची प्रीमियम आवृत्ती नाही.

आणि म्हणूनच ते कुणी करत नाही. जी गोष्ट फुकट आहे, तिला दर्जा कसा येणार? पण माझ्या मते खरं कारण वेगळं आहे. एक मिनिट मोठ्या माणसानं हातात काही न घेता, काही न करता, कुणाला काही न सांगता नुसतं मुलाकडे बघत बसायचं, हे आजच्या माणसाला जमण्यासारखं नाही. बसलं की अपराधी वाटतं. मूल आजारी आहे आणि आपण काहीच करत नाही! मग तो उठतो आणि नेब्युलायझर लावतो. सांगितलं नसतानाही लावतो, कारण त्याचा आवाज होतो आणि आवाज झाला की उपचार झाल्यासारखं वाटतं. शिवाय तो स्टँडअप कॉलवर ऐकू जातो, मॅनेजर विचारतो, “एव्हरीथिंग ऑल राइट?” आणि सुट्टीचा अर्ज न करता सहानुभूती मंजूर होते. आमच्या इंजिनिअरला एक मिनिट बसवलंच, तर तो पंधरा सेकंद मोजून चारानं गुणतो. त्याचं कार्यालयीन शिक्षण तसंच आहे. पण लहान मुलांचा श्वास सारख्या लयीत चालत नाही, आणि पंधरा सेकंदांत एक श्वास चुकला की मिनिटात चार चुकतात. वाचवलेल्या पंचेचाळीस सेकंदांत तो काय करतो? शीट उघडतो.

२०२३च्या मार्चमध्ये व्हाइटफील्ड ते के. आर. पुरम मेट्रो थाटात सुरू झाली, आणि पुढचा बैयप्पनहळ्ळीपर्यंतचा सुमारे दोन किलोमीटरचा तुकडा ऑक्टोबरपर्यंत जोडलाच गेला नव्हता. दोन्हीकडे चकचकीत गाड्या, मधल्या अंतरासाठी लोक बसमध्ये लटकत. घरातल्या शुश्रूषेची रचना हुबेहूब अशी आहे. एका टोकाला यंत्रं, दुसऱ्या टोकाला मोठं हॉस्पिटल, आणि मधला मुलाकडे बघण्याचा तुकडा बाकी.

यावर आक्षेप येणार, आणि ते यावेत. पहिला आक्षेप: डॉक्टर मोजतीलच की. मोजतील, पण डॉक्टरांसमोर मूल असतं सात मिनिटं, आणि त्यातली सहा ते किंचाळत असतं. घरी ते बारा तास झोपतं. शिवाय डॉक्टरांकडे आत्ता धावायचं की उद्या सकाळी जायचं, हा निर्णय तुमचाच असतो आणि तो रात्री दोन वाजताच घ्यायचा असतो. दुसरा आक्षेप आजीचा: “मला नुसतं बघून कळतं.” यात तथ्य आहे. जिनं सात मुलं वाढवली तिची नजर हलकी लेखू नये. पण तीच नजर रात्री चष्म्याशिवाय असते, आणि “धाप लागलीय” आणि “जरा भरलंय” या दोन निदानांमधलं अंतर तिला सुनेशी त्या दिवशी पटलंय की नाही यावरही अवलंबून असतं. आकड्याला सून-सासू नसते. तिसरा आक्षेप सुशिक्षितांचा: हे सगळं शास्त्रीय काम आहे, घरच्या माणसाला कसं जमेल? त्याचं उत्तर गडचिरोलीत आहे. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९८०च्या दशकात तिथल्या गावांतल्या आरोग्यदूतांना आणि दायांना न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी बंग यांनी एक साधन बनवलं. त्यात एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी असत, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. हे काम झालं त्या गावांत न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत निम्म्याच्या आसपास आल्याचं १९९०मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. शाळेची पायरी न चढलेल्या दाईला जे जमलं, ते दोन एम. टेक.ना जमणार नाही असं मानायला मी तयार नाही. फक्त त्यांना मणी द्यावे लागतील. फोन दिला तर ते आधी त्याचं ॲप शोधतील.

चौथा आक्षेप सगळ्यात जुना: मग नुसतं मोजत बसायचं आणि उपचार काही करायचेच नाहीत? तर करायचे, पण कमी. लहान मुलांच्या छातीचे बरेचसे संसर्ग विषाणूंचे असतात, त्यावर अँटिबायोटिकचा काही उपयोग नसतो. डॉक्टरांनी ते दिलं नाही तर “काहीच दिलं नाही हो” म्हणून दुसरा डॉक्टर शोधण्याचं कारण नाही. त्यांनी दिलं असेल, तर सांगितलेले सगळे दिवस द्यायचं, लाळेऱ्याचा वाटा वगळून. खोकला तर रेंगाळतोच, दोन-तीन आठवडेसुद्धा. बालवाडीत नुकतंच जाऊ लागलेलं मूल वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी धरतं. म्हणजे साधा गुणाकार केला तरी वर्षातले तीन-चार महिने घरात कुणीतरी खोकतच असतं, आणि तेवढेच महिने पुण्याची मावशी विचारते, “अजून गेला नाही?” या प्रश्नाच्या धसक्यानंच खोकल्याची बाटली आणली जाते. केंद्र सरकारनं २०२५च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा बजावलं की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांपर्यंतही ती सहसा देऊ नयेत. दुकानदार मात्र विचारतो, “कोरडा की ओला?” जणू भेळेची ऑर्डर घेतोय. त्याला सांगावं की काहीच नको, आणि घरी येऊन मुलाला थोडं थोडं पाणी पाजावं. मुलं कफ थुंकत नाहीत, गिळतात, आणि कधीतरी सगळा उलटीतून काढतात. ती बहुधा आईच्या ऑफिसच्या कपड्यांवर होते, आणि आजी टाळी वाजवते. या एका बाबतीत आजीचं बरोबर असतं. उलटीनंतर बऱ्याच मुलांना मोकळं वाटतं.

थोडं लसीबद्दल, कारण तो विषय निघाला की घरात अचानक फाइल सापडत नाही. न्यूमोकोकल लस देशाच्या सरकारी लसीकरणात २०१७पासून टप्प्याटप्प्यानं आली आणि २०२१मध्ये सगळीकडे पोचली. सरकारी केंद्रावर ती मोफत मिळते. सगळ्या खोकल्यांवर ती चालत नाही, पण न्यूमोनियाच्या एका मोठ्या कारणावर चालते. केळं बंद करण्यापेक्षा तिचा उपयोग निश्चित जास्त आहे, पण केळं बंद करायला रांगेत उभं राहावं लागत नाही.

तेव्हा वाचकहो, आज रात्री तुमच्या घरात कुणी लहान खोकत असेल तर खिडकी थोडी उघडा, धुरी विझवा, कानटोपी काढा आणि एकदा पूर्ण मिनिट मोजा. जलद वाटलं तर पाच-दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. पुन्हा तसंच आलं तर डॉक्टरांकडे न्या, उद्यावर ढकलू नका. छाती आत ओढली जात असेल, मूल दूध-पाणी घेतच नसेल, ओठ निळसर दिसत असतील, झटके येत असतील किंवा ते उठवूनही नीट जागं होत नसेल, तर दुसऱ्यांदा मोजतही बसू नका, शीट भरू नका, मावशीला फोन करू नका, लगेच निघा. टिन फॅक्टरीच्या चौकात संध्याकाळी स्वतःची गाडी घालणं हा वेगळाच आजार आहे, म्हणून १०८ लावा. हा नंबर कर्नाटकातही चालतो आणि महाराष्ट्रातही.